साखरेच्या भावात सरकारी नियोजन कुठे आणि किती, हे कसे तपासावे

नियोजन आयोग १५ मार्च १९५० रोजी मंत्रिमंडळाच्या ठरावाने स्थापन झाला, १ जानेवारी २०१५ रोजी नीती आयोगाने त्याची जागा घेतली आणि २०१७ मध्ये बारावी पंचवार्षिक योजना संपल्यावर तेरावी आलीच नाही. एवढ्यावरून नियोजन इतिहासजमा झाले आणि आता सारा कारभार बाजाराच्या हाती गेला, असा समज पक्का होतो. भांडवलशाही अर्थव्यवस्थेत सरकारची भूमिका काय असते, या प्रश्नावर आपल्याकडे होणारी बहुतेक चर्चा या समजाच्या आधाराने किंवा त्याच्या विरोधात चालते, आणि दोन्ही बाजू प्रत्यक्ष कागद फारसे उघडत नाहीत. या लेखात कागद उघडण्याची एक पद्धत दिली आहे. उदाहरण साखरेचे घेतले आहे, कारण या एका वस्तूत केंद्राचे आदेश, राज्याचे परवाने, सहकारी आणि खासगी मालकी, शेतकऱ्याची थकबाकी आणि पेट्रोलमधील इथेनॉल हे सारे एकत्र येते, आणि महाराष्ट्रातील वाचकाला त्यातले निम्मे शब्द आधीच ठाऊक असतात.

सुरुवातीला एक फरक मनाशी स्पष्ट करून घ्यावा. सोव्हिएत रशियात १९२१ मध्ये स्थापन झालेली गोसप्लान ही संस्था कोणत्या कारखान्याने किती माल काढायचा, हेच ठरवत असे. भाव हा त्या हिशेबाचा नंतरचा भाग होता. भांडवलशाही देशातील सरकार सहसा तसे करत नाही. मालकी खासगी किंवा सहकारी राहते, नफा-तोटा मालकाच्या खात्यावर पडतो, आणि सरकार किमान भाव, कमाल साठा, परवाना, अंतर, तारीख, कर, कर्जाची हमी अशा अटींमधून मालकाचे निर्णय एका दिशेने वळवते. अशा अटी वेगवेगळ्या खात्यांत आणि वेगवेगळ्या वर्षांच्या आदेशांत विखुरलेल्या असतात, म्हणून त्या नियोजन आहेत हे पटकन लक्षात येत नाही. त्या शोधण्यासाठी प्रत्येक टप्प्यावर पाच प्रश्न विचारावेत: भाव कोण ठरवते, प्रमाण कोण ठरवते, जागा कोण ठरवते, वेळ कोण ठरवते आणि तोटा झाला तर तो कोणाच्या खात्यावर जातो. पाचवा प्रश्न लोक सहसा विचारत नाहीत, आणि खरी उत्तरे त्यातच मिळतात.

पहिले काम कायद्याचा उगम शोधण्याचे

कोणत्याही नियंत्रित वस्तूच्या बाबतीत आधी हे पाहावे की सरकारला हुकूम काढण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला. साखरेच्या बाबतीत मूळ अधिकार जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ मध्ये आहे. त्याखाली काढलेला ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ हा उसाच्या भावाचा आणि पुरवठ्याचा पाया आहे, तर साखरेच्या उत्पादन, साठा आणि विक्रीसाठी २०२५ मध्ये नवा साखर (नियंत्रण) आदेश काढण्यात आला, ज्यात ५०० टनांहून अधिक दैनंदिन गाळप क्षमतेचे खांडसरी (पारंपरिक पद्धतीने साखर करणारे) उद्योगही आणले गेले. हे आदेश राजपत्रात मिळतात. ते वाचताना आधी व्याख्यांचे कलम वाचावे आणि मग ‘केंद्र सरकार आदेशाद्वारे’ या शब्दांनी सुरू होणारी कलमे तेवढी वेगळी काढून लिहावीत. ती यादी हातात आली की सरकारला काय करता येते, हे कळते. ते प्रत्यक्षात काय करते, हे नंतरच्या अधिसूचनांवरून कळते. या दोन याद्यांमध्ये गल्लत होऊ देऊ नये. अनेक अधिकार वर्षानुवर्षे वापरले जात नाहीत आणि मग एखाद्या सकाळी वापरले जातात.

दुसरा स्तर राज्याचा असतो. महाराष्ट्रात दर हंगामाला कारखान्याला पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडून गाळप परवाना घ्यावा लागतो, आणि हंगाम कोणत्या तारखेला सुरू करायचा, याचा निर्णय मंत्री समितीच्या बैठकीत होतो. बॉयलर पेटवण्याचा आणि मोळी टाकण्याचा समारंभ कारखान्याच्या आवारात होत असला, तरी वेळ कोण ठरवते, या प्रश्नाचे उत्तर मुंबईत असते.

उसाचा दर स्वतः मांडून पाहणे

या टप्प्यावर घाई करू नये, कारण पुढचे सगळे नियंत्रण येथूनच फुटते. उसाला कारखान्याने किमान किती दर द्यायचा, हे केंद्र सरकार दरवर्षी ठरवते. २००९ पर्यंत त्याला वैधानिक किमान किंमत म्हणत. त्यानंतर रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे बोलण्यातील एफआरपी आली. शिफारस कृषी खर्च व मूल्य आयोग करतो, निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती घेते. २०२५-२६ च्या हंगामासाठी हा दर १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसाच्या वजनातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) क्विंटलमागे ३५५ रुपये असा ठरला. त्यावरील प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला ३.४६ रुपये वाढ, खाली तितकीच घट, आणि उतारा ९.५ टक्क्यांखाली गेला तरी ३२९.०५ रुपयांपेक्षा कमी नाही, अशी त्याची रचना आहे.

आता ११.५ टक्के उतारा असलेला एक कारखाना धरावा. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात असा उतारा नवलाचा नाही. पायाभूत उताऱ्यापेक्षा तो १.२५ टक्क्यांनी जास्त आहे, म्हणजे ०.१ चे साडेबारा टप्पे झाले. साडेबारा गुणिले ३.४६ म्हणजे ४३.२५ रुपये. ते ३५५ मध्ये मिळवले की क्विंटलला ३९८.२५ आणि टनाला ३,९८२.५० रुपये होतात. हा दर कारखान्याच्या गेटवरचा आहे. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतूक बहुतांशी कारखानाच करतो आणि तो खर्च उसाच्या बिलातून कापतो, त्यामुळे उदाहरणादाखल टनाला ९०० रुपये तोडणी-वाहतूक धरली, तर शेतकऱ्याच्या खात्यावर ३,०८२.५० रुपये येतात. गावात ‘एफआरपी इतकी जाहीर झाली आणि हातात इतकीच का आली’ म्हणून जो वाद होतो, त्याचा मोठा भाग गेटवरचा दर आणि निव्वळ दर यांतील या फरकाचा असतो. उरलेला भाग वजनकाटा आणि उतारा यांवरच्या अविश्वासाचा असतो, आणि तो केवळ गणिताने मिटत नाही.

हिशेबाची दुसरी बाजूही त्याच कागदावर मांडावी. एक टन उसातून ११.५ टक्के उताऱ्याने ११५ किलो साखर निघते. साखरेला कारखान्याच्या दारात किमान विक्री दराची अट केंद्राने जून २०१८ मध्ये किलोला २९ रुपये अशी घातली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तो दर ३१ रुपये केला. एप्रिल २०२५ मध्ये ३५५ रुपयांची एफआरपी मंजूर झाली तेव्हाही किमान विक्री दर ३१ रुपयेच होता. ११५ किलोला ३१ रुपयांनी ३,५६५ रुपये होतात. म्हणजे किमान दराने साखर विकली, तर उसाचे देणेसुद्धा भागत नाही, टनामागे ४१७.५० रुपये कमी पडतात, आणि मजुरी, दुरुस्ती, व्याज यांचा अजून विचारही झालेला नाही. बाजारात किलोला ३८ रुपये मिळाले असे धरले, तर ४,३७० रुपये येतात आणि उसाचे पैसे दिल्यावर ३८७.५० रुपये उरतात. त्यात मळी, बगॅस (उसाची चिपाडे) आणि ती जाळून केलेली कोजनची वीज यांचे उत्पन्न जोडायचे आणि सगळा प्रक्रिया खर्च त्यातून भागवायचा.

हेच गणित २०१८-१९ साठी करून पाहावे. तेव्हा पायाभूत उतारा १० टक्के आणि एफआरपी २७५ रुपये होती. टनाला २,७५० रुपये देणे आणि १०० किलो साखरेचे ३१ रुपयांनी ३,१०० रुपये येणे. तेव्हा किमान दरानेही ३५० रुपये मागे राहत होते. एक भाव जवळपास दरवर्षी वर सरकला, दुसरा जागेवर राहिला, आणि कारखान्याचा ताळेबंद या दोन सरकारी निर्णयांच्या मध्ये सापडला. कच्च्या मालाचा किमान भाव सरकार ठरवते आणि पक्क्या मालाचा भाव फार चढू नये याचीही काळजी सरकारच घेते, अशा व्यवस्थेत मधल्या प्रत्येक गोष्टीचे नियंत्रण आज ना उद्या सरकारकडेच येते, असे माझे मत आहे, आणि पुढचे टप्पे त्याच क्रमाने वाचावेत.

एक तांत्रिक सावधगिरी येथेच सांगितलेली बरी. कारखान्याने उसाचा रस किंवा बी-हेवी मळी (सगळी साखर न काढता मधेच बाजूला घेतलेली मळी) इथेनॉलकडे वळवली की साखरेचा उतारा कागदावर घटतो. ती घट वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून प्रमाणित करून उताऱ्यात पुन्हा धरली जाते. त्यामुळे कारखान्याच्या फलकावरील रोजचा उतारा आणि एफआरपीसाठीचा उतारा हे दोन वेगळे आकडे असू शकतात. तुलना करताना कोणता आकडा हातात आहे, हे आधी पाहावे.

नियम जोडीने वाचणे

एखादा नियम शेतकऱ्याच्या किंवा उद्योजकाच्या बाजूचा वाटला की त्याचा जोडनियम शोधावा. उसाला किमान दर का लागतो, याचे उत्तर ‘शेतकरी गरीब आहे’ एवढ्यावर संपत नाही. तोडलेला ऊस एका दिवसातच वाळू लागतो, वजन आणि उतारा दोन्ही घसरतात, त्यामुळे शेतकऱ्याला भाव जुळेपर्यंत थांबता येत नाही आणि फार लांबही नेता येत नाही. शिवाय दोन कारखान्यांमध्ये किती अंतर असावे, हेही सरकारच ठरवते: केंद्राच्या आदेशात ते किमान १५ किलोमीटर आहे आणि महाराष्ट्राने ते २५ किलोमीटर हवाई अंतर केले आहे. म्हणजे नवा कारखाना शेजारी उभा राहून दराची स्पर्धा करील, ही शक्यता सरकारने स्वतःच मर्यादित केली आहे. एकदा खरेदीदार मोजके ठेवले की विक्रेत्याला किमान दराचे संरक्षण द्यावेच लागते. १९९८ मध्ये साखर उद्योगाचा औद्योगिक परवाना रद्द झाला, तेव्हा हा उद्योग मुक्त झाला असे म्हटले गेले, पण अंतराची अट राहिली, आणि परवान्याचे बरेचसे काम ती अटच करते.

दुसरी जोडी पैशाच्या वेळेची आहे. ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते. वरच्या उदाहरणातील शेतकऱ्याने ६० टन ऊस दिला, तर त्याचे निव्वळ १,८४,९५० रुपये होतात. १४ दिवसांच्या मुदतीनंतर ४५ दिवस उशीर झाला, तर सुमारे ३,४२० रुपये व्याज झाले पाहिजे. आपल्या बिलावर हा आकडा दिसतो का, हे ज्याने त्याने पाहावे. नियमाची जोडी अशी की कारखान्याची साखर वर्षभर विकली जाते, ती किती आणि कधी विकायची हे पुढे पाहिल्याप्रमाणे सरकार ठरवते, आणि उसाचे पैसे मात्र दोन आठवड्यांत चुकते करायचे असतात. मधले अंतर बँकेच्या मालतारण कर्जाने भरून निघते. थकबाकी राहिली, तर साखर आयुक्त आरआरसीची (महसुली वसुली प्रमाणपत्राची) कारवाई करतात आणि जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयाने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. ‘एकरकमी एफआरपी’ ही आंदोलनातील घोषणा अशा रीतीने न्यायालयापर्यंत गेली, आणि अभ्यासकाला यातून हे कळते की केंद्राच्या आदेशाला राज्याने दिलेली मुरड किती टिकेल, हे शासन निर्णय निघाल्याच्या दिवशी ठरत नाही.

प्रमाण आणि वेळ यांचे आदेश

२०१२ मध्ये सी. रंगराजन यांच्या समितीने साखर उद्योगावरील नियंत्रणे टप्प्याटप्प्याने उठवण्याची शिफारस केली. त्यानुसार एप्रिल २०१३ मध्ये दोन मोठे बदल झाले. रेशनसाठी कारखान्यांकडून स्वस्तात घेतली जाणारी १० टक्के लेव्ही साखर बंद झाली आणि दर महिन्याला किती साखर विकायची, याचा कोटाही संपला. मात्र २०१८ मध्ये उत्पादन भरमसाट झाले, भाव पडले, थकबाकी वाढली, तेव्हा किमान विक्री दराबरोबर मासिक कोटाही परत आला. आजही केंद्राचा अन्न व सार्वजनिक वितरण विभाग दर महिन्याच्या अखेरीच्या सुमारास पुढील महिन्याचा कोटा कारखानानिहाय जाहीर करतो.

हा आदेश वाचण्याची रीत अशी. पुढील महिन्याचा एकूण कोटा घ्यावा, मागील वर्षीच्या त्याच महिन्याचा कोटा शेजारी ठेवावा आणि मधे कोणता सण येतो, ते पाहावे. दिवाळीचा महिना आणि उन्हाळ्यातील थंड पेयांचा महिना यांची तुलना करू नये. कोटा मागणीपेक्षा थोडा कमी ठेवला की भाव सावरतात, थोडा जास्त ठेवला की नरमतात. ज्या व्यवस्थेला आपण बाजार म्हणतो, त्यात पुरवठ्याचा महिन्याचा आकडा एक सरकारी कार्यालय ठरवत असेल, तर तेथील भाव हा निम्मा प्रशासकीय निर्णय असतो, हे मान्य करण्यात कोणत्याही पक्षाला अडचण वाटू नये. ज्याला बारकावे आवडतात त्याने पोत्याकडेही पाहावे: तागाच्या उद्योगाला आधार म्हणून १९८७ च्या कायद्याखाली २० टक्के साखर तागाच्या पोत्यांत भरण्याची सक्ती आहे, म्हणजे बंगालमधील तागाच्या शेतकऱ्याचे धोरण सोलापुरातील साखरेच्या खर्चात उतरते.

इथेनॉल आणि निर्यात

जादा साखरेचे काय करायचे, या प्रश्नाला सरकारने दोन दारे ठेवली आहेत आणि दोन्हींच्या किल्ल्या स्वतःकडे ठेवल्या आहेत. इथेनॉलच्या बाबतीत भाव, प्रमाण आणि मुदत या तिन्ही गोष्टी दिल्लीत ठरतात. खरेदीदार मुख्यतः सरकारी तेल कंपन्या आहेत. रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला ६५.६१ रुपये, बी-हेवीपासूनच्याला ६०.७३ रुपये आणि जानेवारी २०२५ पासून सी-हेवीपासूनच्याला (साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीपासूनच्याला) ५७.९७ रुपये असे दर ठरवले गेले. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य २०३० वरून २०२५-२६ वर आणले गेले. व्याज सवलतीच्या कर्जांवर कारखान्यांनी आसवन्या, म्हणजे इथेनॉलचे प्रकल्प, उभारल्या. येथे भांडवल खासगी किंवा सहकारी आहे, पण त्या भांडवलाचा परतावा ज्या तीन आकड्यांवर अवलंबून आहे ते तिन्ही सरकारी आहेत.

मग ७ डिसेंबर २०२३ रोजी काय झाले, ते या संदर्भात पाहावे. त्या वर्षी महाराष्ट्र आणि कर्नाटकात पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती होती, आणि हंगाम ऐन भरात असताना केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास बंदी घातली. आठ दिवसांत, १५ डिसेंबरला, १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत रस आणि बी-हेवी मळी वापरण्यास परवानगी मिळाली, आणि पुढील वर्षासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये बंधने उठली. अशा प्रसंगाची नोंद करताना आदेशाची तारीख, त्या वेळचा साखरेचा किरकोळ भाव, पावसाचा अंदाज आणि निवडणुकांचे वेळापत्रक हे चार रकाने शेजारी शेजारी लिहावेत. काही महिन्यांत लोकसभेची निवडणूक होती, ही खरी गोष्ट आहे. ती शेजारच्या रकान्यात आहे म्हणून तीच कारण होती, असे मात्र लिहू नये. इतकेच निश्चित म्हणता येते की महागाईची भीती आणि इथेनॉलचे लक्ष्य यांची टक्कर झाली तेव्हा महागाईच्या भीतीची सरशी झाली, आणि कर्ज काढून आसवनी उभारणाऱ्याला ही जोखीम प्रकल्प अहवालात मांडलेली नव्हती.

निर्यातीची गोष्ट याच वळणाची आहे. २०२१-२२ मध्ये भारतातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली; जून २०२२ पासून निर्यात मुक्त गटातून प्रतिबंधित गटात टाकली गेली; २०२२-२३ मध्ये सुमारे ६० लाख टनांची मर्यादा आली; २०२३-२४ मध्ये परवानगीच मिळाली नाही; आणि जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांची मुभा मिळाली, जी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी उत्पादनाच्या प्रमाणात कारखान्यांना वाटून देण्यात आली. आयातीवर १०० टक्के शुल्क फेब्रुवारी २०१८ पासून आहे. परदेशी ग्राहकाला पुढच्या वर्षी आपण माल देऊ की नाही हे आपल्यालाच ठाऊक नसते, आणि या अनिश्चिततेची किंमत कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही.

तोटा कोणाच्या खात्यावर जातो

हा पाचवा प्रश्न. येथे अर्थसंकल्प, हमी आणि करविषयक निर्णय असे तीन कागद पाहावेत. राज्य सरकारने सहकारी कारखान्यांच्या कर्जांना दिलेली थकहमी ही त्या दिवशी खर्च म्हणून दिसत नाही. कारखाना बुडाला की मग ती दिसते. राष्ट्रीय सहकार विकास निगमाकडून मिळणाऱ्या कर्जांच्या बाबतीतही राज्याची हमी कोणत्या कारखान्याला मिळाली आणि कोणत्या कारखान्याला नाही, हे तपासावे. राजकारणाचा नकाशा तेथे जास्त स्पष्ट उमटतो. करांच्या बाबतीत एक उदाहरण पुरे आहे. सहकारी कारखान्यांनी किमान दरापेक्षा जास्त दिलेला ऊसदर हा खर्च नसून नफ्याचे वाटप आहे, अशी भूमिका घेऊन आयकर खात्याने वर्षानुवर्षे मागण्या काढल्या होत्या. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०१६-१७ पूर्वीची अशी देणी खर्च म्हणून मान्य करण्याची सोय झाली आणि त्यातून सुमारे १०,००० कोटी रुपयांचा दिलासा मिळेल असे सांगण्यात आले. कोणी म्हणेल अन्याय दूर झाला, कोणी म्हणेल तोटा देशाच्या तिजोरीने उचलला. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

सहकारी कारखाना हा या साऱ्या रचनेत कोठे बसवायचा, हा प्रश्न नवख्या वाचकाला अडवतो. तो सरकारी नाही आणि नेहमीच्या अर्थाने खासगीही नाही. प्रवरानगरचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील यांनी उभा केला, तेव्हा त्यांच्याबरोबर पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. तेच गाडगीळ १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे सूत्र त्यांच्या नावाने ओळखले जाते. शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना आणि देशाची योजना या दोन गोष्टी त्यांच्या दृष्टीने एकाच कामाच्या दोन बाजू होत्या. उद्योगपतींचेही नियोजनाशी तेव्हा वाकडे नव्हते. १९४४ ची मुंबई योजना टाटा-बिर्लांसारख्या उद्योगपतींनी मांडली होती आणि तिने सरकारने अर्थव्यवस्थेत मोठी भूमिका घ्यावी असे म्हटले होते. भांडवलदार म्हणजे नियोजनाचा विरोधक, हे समीकरण आपल्या इतिहासात बसत नाही.

बाहेरच्या देशांशी तुलना करायची असेल, तर ती थोडक्यात करावी आणि समान गोष्टींचीच करावी. अमेरिकेत साखर तारण ठेवून ठरावीक दराने मिळणाऱ्या सरकारी कर्जाचा आधार, देशांतर्गत विक्रीचे वाटप आणि आयातीचे कोटे आहेत. युरोपीय संघाने उत्पादन कोटे सप्टेंबर २०१७ अखेर बंद केले. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारींवरून जागतिक व्यापार संघटनेच्या मंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये भारताच्या साखर धोरणाविरुद्ध निकाल दिला आणि भारताने त्याविरुद्ध अपील केले. साखर हा जवळपास सर्व भांडवलशाही देशांत सरकारच्या देखरेखीखालील माल आहे, त्यामुळे भारतात हस्तक्षेप आहे एवढे सांगून काही सांगितल्यासारखे होत नाही. कोणता हस्तक्षेप, कोणाच्या खर्चाने, हे सांगावे लागते.

वाचनात हमखास होणाऱ्या गफलती

किमान विक्री दर आणि हमीभाव हे वेगळे आहेत. पहिला कारखान्याच्या साखरेला आहे, दुसरा शेतमालाला, आणि उसाला त्या अर्थाने हमीभाव नसून एफआरपी आहे, जी सरकार देत नाही तर कारखाना देतो. उत्तर प्रदेशात राज्य सरकार स्वतंत्र दर जाहीर करते, त्यामुळे तेथील आकडा महाराष्ट्राच्या एफआरपीशी थेट ताडून पाहू नये. महाराष्ट्राने २०१३ मध्ये ऊसदर विनियमनाचा कायदा करून रंगराजन समितीचे उत्पन्न वाटणीचे सूत्र घेतले, ज्यात साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा उसाच्या दरासाठी धरला जातो; हंगाम संपल्यावर या सूत्राने निघणारा दर एफआरपीहून जास्त आला, तर फरकाची रक्कम द्यावी लागते. या अंतिम दराच्या निर्णयाकडे पहिल्या उचलीइतके (पहिल्या हप्त्याइतके) लक्ष कोणी देत नाही, आणि ते द्यायला हवे.

ही पद्धत हाताशी बसली की ती दुसऱ्या वस्तूवर चालवून पाहावी, आणि त्यासाठी कांदा सोयीचा आहे. कांद्याला एफआरपी नाही, कोटा नाही, अंतराची अट नाही. उत्पादनाच्या बाजूला बाजार जवळपास मोकळा आहे, आणि सरकारचा हात जवळजवळ संपूर्णपणे निर्यातीच्या दारावर आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबर २०२३ मध्ये बंदी, मे २०२४ मध्ये टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्याच्या अटीवर सुटका, सप्टेंबर २०२४ मध्ये ती अट रद्द आणि शुल्क २० टक्के, १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. या तारखा एका रकान्यात लिहाव्यात, दुसऱ्यात लासलगाव बाजार समितीचा त्या आठवड्यातील सरासरी भाव, तिसऱ्यात नाफेड आणि एनसीसीएफ या राष्ट्रीय सहकारी संस्थांनी राखीव साठ्यासाठी केलेली खरेदी, आणि मग पाचवा प्रश्न विचारावा. साखरेत तोटा कारखान्याकडून बँकेकडे, बँकेकडून हमीकडे आणि हमीकडून तिजोरीकडे सरकत जातो. कांद्यात तो सरकवायला मधे कोणी नाही, म्हणून तो शेतकऱ्याच्या कांदाचाळीतच राहतो.